ज्योत कुठे लपली?

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी वीज गेली आणि सुट्टीला आलेल्या तिन्ही भाचरांनी एकाच वेळी मोबाइलचे टॉर्च लावले. पुढचा खेळ ठरलेलाच. धाकटीने टॉर्चवर बोटं दाबली आणि किंचाळली, "मामा, बघ! माझा हात आतून पेटलाय!"

तुम्हीही हे कधी ना कधी केलंच असणार. नसेल तर आधी करून या, मासिक कुठे पळून जात नाही. खोलीत अंधार करायचा, चार बोटं जुळवून टॉर्चवर ठेवायची. बोटं लालभडक दिसतात, नखांच्या कडा केशरी होतात आणि हात आपलाच असूनही ओळखू येत नाही.

"एका चित्रकाराने हाच खेळ कागदावर केलाय," मी म्हटलं.

"मोबाइल घेऊन?"

"नाही गं, दिवा घेऊन. उद्या दाखवतो."

आमच्या कोपऱ्यावर एक टेलरकाका बसतात. त्यांच्या शिलाई मशीनच्या मागे, दोऱ्यांच्या रिळांच्या वर, एक जुनं छापील चित्र टांगलेलं आहे. काळोखात एक बाई उभी आहे. तिच्या एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिने दिव्याआड धरला आहे. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतोय, चेहऱ्यावर आणि साडीवर सांडतोय. कदाचित तुम्हीही हे चित्र कुठेतरी पाहिलं असेल, दुकानात, दवाखान्यात किंवा कुणाच्या तरी दिवाणखान्यात.

भाची बराच वेळ बघत राहिली. नाकाला नाक लागेल इतकी जवळ गेली, मग मागे आली. टेलरकाकांनी मशीन थांबवलं. शेवटी ती म्हणाली, "पण मामा, ज्योत कुठाय?"

मी लहानपणापासून ते चित्र बघत आलोय, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. अख्ख्या चित्रात उजेड आहे आणि उजेड देणारी ज्योत मात्र दिसत नाही. ती तळव्यामागे आहे. या एका लपवाछपवीवर ते सगळं चित्र उभं आहे.

आधी ओळख करून देतो. चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा उजेड. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२, गाव सावंतवाडी. हो, तीच लाकडी खेळण्यांची आणि गंजिफांची सावंतवाडी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकलेची शाळा काढली. हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास केलं. त्यांच्यासमोर दिवा धरून उभी राहिली ती त्यांचीच मुलगी, गीता. मूळ चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. खूप लोकांना ते राजा रविवर्म्यांचं वाटतं. रविवर्मा १९०६ सालीच वारले, त्यामुळे हे चित्र त्यांचं असूच शकत नाही, पण एकदा पसरलेली समजूत खोडायची म्हणजे कपड्यावरचा हळदीचा डाग काढण्यासारखं असतं.

आता बोटांकडे येऊ. टॉर्चचा उजेड पांढरा, मग बोटं लालच का? हिरवी का नाहीत?

पांढऱ्या उजेडात इंद्रधनुष्यातले सगळे रंग एकत्र असतात. तो बोटात शिरला की आत रक्त भेटतं, आणि रक्तात असतं हिमोग्लोबिन. हे हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा उजेड गिळून टाकतं, लाल मात्र फारसा गिळत नाही. म्हणून बोटाच्या पलीकडे निसटून येतो तो मुख्यतः लाल. आणि बोटात हाडं असूनही ती दिसत का नाहीत? कारण उजेड आत सरळ जातच नाही. तो मांसात इकडून तिकडे आपटत, भटकत बाहेर पडतो. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात दाट धुकं असतं ना, त्यात समोरच्या गाडीचे दिवे कसे दिसतात? नुसता पिवळट गोळा, गाडीचा आकार काही कळत नाही. तसंच.

म्हणजे लाल बोटं ही जिवंत हाताची खूण आहे. लाकडाचा हात दिव्यापुढे धरला तर नुसती काळी सावली पडेल. मातीच्या मूर्तीचा धरला तरी तेच. हळदणकरांनी बोटांच्या कडांना तो तांबूस रंग दिला आणि बघणाऱ्याला आपसूक कळलं की या हातात रक्त वाहतंय, हात ऊबदार आहे. हिमोग्लोबिन हा शब्दही ज्याने ऐकलेला नाही, त्यालासुद्धा हे कळतं. त्याने आयुष्यात कधीतरी दिव्यावर हात धरलेला असतो, एवढं पुरतं.

पण हे सगळं शेवटी रंग लावलेल्या कागदावर आहे. कागदाच्या मागे दिवा नाही, बॅटरी नाही. तरी तो हात उजळलेला वाटतो. ही खरी जादू, आणि ती कशी होते हे बघायला तुम्हाला एक पिवळा कागद लागेल.

पिवळ्या कागदाचे टिकलीएवढे दोन तुकडे कापा, अगदी सारखे. एक पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दुसरा काळ्या कागदावर. लांबून बघा. पांढऱ्यावरचा तुकडा मलूल दिसेल, जणू आजारी आहे. काळ्यावरचा मात्र चमकेल. आता अदलाबदल करा. मलूल असलेला चमकायला लागेल! तुकडे तेच, कात्री तीच. बदलला तो फक्त शेजार.

शेजाऱ्यांची ही करामत नीट अभ्यासली ती फ्रान्समधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने. त्यांचं नाव मिशेल शेव्रल. पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध कारखान्यात भिंतीवर लावायची विणकामाची चित्रं बनत, तिथला रंगाईचा विभाग ते सांभाळत. तक्रार आली की काळा धागा काळा दिसत नाही, फिका वाटतो, रंगाईत काहीतरी खोट आहे. शेव्रल यांनी तपासलं तर रंग पक्का होता. खोट होती ती शेजारच्या धाग्यांच्या रंगात. गडद निळ्या-जांभळ्याच्या सोबतीला बसवलेला काळा आपलं काळेपण हरवून बसत होता. मग त्यांनी या विषयावर मोठं पुस्तकच लिहिलं, १८३९ साली, आणि पुढे कितीतरी चित्रकारांनी ते वाचलं. जाता जाता एक गंमत: शेव्रल १०२ वर्षं जगले. आणि हळदणकरांच्या चित्रातली मुलगी, गीताबाई, त्याही १०२ वर्षं जगल्या. त्या २०१८ साली गेल्या. या योगायोगाचा रंगांशी काही संबंध नाही, पण मला तो सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तर शेव्रल यांचा धडा घेऊन पुन्हा चित्राकडे बघा. चित्राचा बहुतेक भाग काळोखी आहे. उजळ जागा थोडीशीच. भाचीला वाटलं होतं की दिवा काढायचा म्हणजे भरपूर पिवळा लागेल. खरं तर लागतो भरपूर काळोख. पिवळा असतो चिमूटभर, पण सगळ्या बाजूंनी अंधाराने घेरलेला, म्हणून तो पेटल्यासारखा दिसतो.

साडीचा रंगही उगाच निवडलेला नाही. ती जांभळट आहे. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या दादा-ताईंना विचारा, रंगचक्रात पिवळ्याच्या बरोबर समोर कोण बसतं? जांभळा. समोरासमोरचे रंग शेजारी आणले की दोघेही तावातावाने बोलायला लागतात. पिवळा जास्त पिवळा होतो, जांभळा जास्त जांभळा. त्यात उष्ण रंग आणि शीत रंग हा भेद आहेच. केशरी-पिवळा चुलीजवळचा वाटतो आणि जांभळा-निळा संध्याकाळच्या अंगणातला.

आणखी एक बारकावा. आई साडी घ्यायला जाते तेव्हा दुकानात बघून झाल्यावर ती दाराशी, उन्हात नेऊन का बघते? कारण तिला ठाऊक असतं की दुकानातला उजेड फसवतो. तेलाच्या दिव्याचा उजेड तर फारच फसवा. त्यात पिवळा-तांबडा खूप आणि निळा अगदी कमी. निळाच मिळाला नाही तर जांभळी साडी जांभळेपण दाखवणार कशी? म्हणून दिव्याजवळ ती साडी गुलाबी-केशरीकडे झुकते आणि दिव्यापासून लांब गेली की अंधारात मिसळत गडद होते. साडी एकच, नेसलीय एकीनेच, पण वरपासून खालपर्यंत रंग बदलत जातात. ते बघूनच आपल्याला दिवा कुठे आहे ते कळतं, ज्योत न दिसताही.

आता जरा गणित. कंटाळू नका, छोटंसं आहे. दिव्यापासून लांब गेलं की उजेड कमी होतो, पण कसा? अंतर दुप्पट झालं तर उजेड चौथा हिस्सा उरतो. तिप्पट झालं तर नववा. समजा साडीचा एक भाग ज्योतीपासून १५ सेंटीमीटरवर आहे आणि निऱ्यांचा खालचा भाग ९० सेंटीमीटरवर. अंतर सहापट, म्हणजे उजेड सहा गुणिले सहा, ३६ पट कमी. आणि खुद्द ज्योत तर साडीच्या उजळ भागाहून कितीतरी पट जास्त तेजस्वी.

इथे चित्रकाराची पंचाईत होते. पांढरा कागद आणि त्यावरचा काळ्यात काळा रंग, यांच्या उजळपणात साधारण वीस-पंचवीस पटींचाच फरक असतो. चित्रकाराची सगळी मिळकत एवढीच! खाऊला दहा रुपये मिळालेत आणि जत्रेत जायचंय, अशी ही अवस्था. उजेड कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा हे आधीच ठरवावं लागतं. पायापाशी खर्चला तर बोटांसाठी उरत नाही.

आता समजा, हळदणकरांनी ज्योत काढली असती. जास्तीत जास्त काय करता आलं असतं? कोऱ्या कागदाचा पांढरा, भोवती थोडा पिवळा. खऱ्या ज्योतीपुढे तो पांढरा अगदीच बापुडवाणा. बघणाऱ्याने लगेच ओळखलं असतं की हा दिवा नाही, हा पिवळा थेंब आहे. ज्योत लपवली आणि तुलनाच संपली. बाईची लाल बोटं दिसतात, उजळलेला चेहरा दिसतो, आणि मागची ज्योत आपण मनात लावतो. मनातल्या ज्योतीला कागदाची मर्यादा नसते.

ही युक्ती त्यांच्या आधीही एकाने केली होती. फ्रान्समधला लोरेन हा भाग, हळदणकरांच्या साधारण तीनशे वर्षं आधी, चित्रकार जॉर्ज द ला तूर. त्यांच्या एका चित्रात म्हातारा सुतार जोसेफ वाकून लाकडाला भोक पाडतोय आणि समोर बसलेला छोटा येशू त्याला मेणबत्ती धरून दाखवतोय. मुलाने ज्योतीपुढे हात धरलाय आणि त्याची इवलीशी बोटं उजेडाने आरपार झालीत. चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात म्हातारा आकाराने मोठा आहे, जवळजवळ सगळी जागा त्यानेच अडवलीय. पण उजेडाने लखलखतो तो मुलाचा चेहरा. मोठ्या माणसाकडे ताकद आणि छोट्याकडे उजेड. शब्द एकही नाही, तरी गोष्ट कळते. आणि गंमत म्हणजे हे ला तूरही वारल्यानंतर विस्मरणात गेले, त्यांची चित्रं दुसऱ्यांच्या नावावर खपत राहिली. १९१५ साली एका जर्मन अभ्यासकाने त्यांना पुन्हा शोधून काढलं. दिवे काढणाऱ्यांचं नाव अंधारात राहायचं हे नशीबच दिसतंय!

फरक एक. ला तूर यांचं चित्र तैलरंगातलं आहे आणि हळदणकरांचं जलरंगातलं. हा फरक लहान नाही. तैलरंग दाट असतो. चुकलं तर वाळू द्या, वर दुसरा थर लावा. आधी काळोख रंगवून मग त्यावर उजेडाचा ठिपका ठेवता येतो. जलरंग म्हणजे पातळ, पारदर्शक वॉश. उजेड त्या रंगातून खाली कागदापर्यंत जातो, कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणजे जलरंगातला उजेड कागदाचाच असतो. त्यामुळे रीत उलटी: आधी फिकं, मग गडद. जिथे झळाळी हवी ती जागा पहिल्यापासून राखून ठेवायची. तिथे चुकून गडद रंग गेला की संपलं, ओल्या कापसाने कितीही पुसा. दिव्याभोवतीचा तो उजळपणा रंग लावून आलेला नसतो. न लावल्यामुळे उरलेला असतो.

आता हाताचं दुसरं काम. तुमच्या आजीला संध्याकाळी देवघरातून निरांजन घेऊन तुळशीपाशी जाताना पाहिलंय? दुसरा हात कसा धरते ती? ज्योतीच्या आड, ओंजळीसारखा वळवून. का? वारा असतो म्हणून. चित्रात वारा काढता येत नाही, त्याला रंग नाही की आकार नाही. पण तसा वळलेला हात दिसला की आपल्याला वारा जाणवतो. दिवा विझू शकतो हे कळतं. आणि तो विझू नये म्हणून कुणीतरी जपतंय, हेही कळतं. चित्राच्या नावातली आशा इथे आहे, या दोन गोष्टींच्या मधोमध. नुसता दिवा हातात घेऊन उभी असलेली बाई काढली असती तर चित्र सुंदर झालं असतं, पण त्याला हे नाव शोभलं नसतं, असं मला वाटतं.

एक प्रयोग करा. चित्राची छापील प्रत मिळाली तर त्यातल्या तळव्यावर आपला अंगठा ठेवा आणि उरलेलं चित्र बघा. चेहऱ्यावरचा उजेड अचानक अनाथ होतो. पावडर लावल्यासारखा वाटतो. अंगठा काढला की पुन्हा सगळं जागच्या जागी.

दुसरा प्रयोग मोठ्या भाच्याने शोधला, श्रेय त्याचं. त्याने टॉर्च हनुवटीखाली धरला आणि बहिणीला घाबरवलं. ती खरंच घाबरली. मग तो म्हणाला, "मामा, त्या चित्रातपण उजेड खालूनच येतोय. मग ती बाई भुतासारखी का नाही दिसत?"

शाबास! सूर्य वर असतो, घरातले दिवे वर असतात. त्यामुळे नाकाची सावली खाली पडलेली बघायची आपल्याला सवय आहे. हनुवटीखालून उजेड आला की सावल्या उलट्या पडतात, भुवयांवर आणि कपाळावर, आणि ओळखीचा चेहरा परका होतो. मी त्याला टॉर्च खाली आणायला सांगितलं, छातीपर्यंत. मग हात पुढे करायला सांगितला. जसजसा टॉर्च चेहऱ्यापासून दूर आणि समोर गेला, तसतसं भूत पळालं. उजेड आता तिरपा, समोरून येत होता. वर त्याला टॉर्चवर रुमाल टाकायला लावला, तेव्हा सावल्यांच्या धारदार कडाही विरघळल्या. चित्रातला दिवाही असाच, छातीच्या उंचीला आणि अंगापासून पुढे धरलेला आहे. तो एक वीत वर आणि आत घेतला असता तर आशेऐवजी भयकथेचं मुखपृष्ठ तयार झालं असतं!

दुसऱ्या दिवशी भाचीने वॉटर कलरचा डबा काढला. मॉडेल म्हणून आजीला उभं केलं, हातात निरांजन देऊन. आजी दहा मिनिटांत कंटाळली, तिला कुकर लावायचा होता. गीताबाईंना वडिलांसमोर किती वेळ उभं राहावं लागलं असेल, याचा विचार माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला.

चित्र झालं. तळवा लाल केला होता, भरपूर लाल. अंधारही झकास होता. मोठ्या उत्साहाने ती ते टेलरकाकांना दाखवायला घेऊन गेली. काकांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि काळजीने विचारलं, "आजीचा हात भाजलाय का गं?"

ती रुसली. दोन तास कुणाशी बोलली नाही. मग नवा कागद घेतला, आजीला पुन्हा हाक मारली, आणि रंगाला हात लावण्याआधी पेन्सिलीने कागदाच्या मधोमध एक बारीक गोल काढला. त्यात लिहिलं: 'इथे रंगवायचं नाही.'